टॉवेल कुणी धरायचा

बर्टुस फ्राउकेच्या खांद्यावर ओकला आणि हारमिनाच्या अंगाचा तिळपापड झाला.

आता पोपट ओकला तर ज्याच्या अंगावर ओकला त्यानं चिडावं, हे कुणीही सांगेल. फ्राउके चिडलीही. "अगं ई! मिना, बघ हा काय करतोय! नवा स्वेटर गं माझा!" पण राखाडी पोपट मान वरखाली हलवत, डोळे बारीक करत पोटातला घास कुणापुढे काढतो, हे हारमिनाला पक्कं ठाऊक होतं. ज्याच्यावर जीव जडला त्याच्यापुढे. जोडीदाराला पोपट असंच भरवतो. एकोणीस वर्षं तिनं या पक्ष्याचं सगळं केलं होतं, आणि एकोणीस वर्षांत तिच्या वाट्याला असा घास एकदाही आला नव्हता.

"पोट बिघडलंय त्याचं," ती म्हणाली. "पावाच्या कडा भरवतेस ना त्याला सिरप लावून? मग दुसरं काय होणार!"

"एवढीशी तर देते."

"एवढीशीच पुरते."

खरं कारण तिनं सांगितलं नाही. का म्हणून सांगायचं?

फ्राउके तिची धाकटी बहीण. फेब्रुवारीत निसरड्या फुटपाथवर पडून तिचा खुबा मोडला. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, होगेझांडला तिसऱ्या मजल्यावर एकटीनं राहणं जमेना, तेव्हा हारमिनानंच तिला डेल्फझाइलला आपल्या घरी आणलं. सहा आठवड्यांसाठी. हारमिना स्वतः बंदराच्या कचेरीतून निवृत्त झालेली, लग्नाच्या भानगडीत कधीच न पडलेली बाई. घरात दोन खोल्या रिकाम्याच होत्या. बहिणीला आणलं याचं तिला तेव्हा स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

आणि आता हे.

हारमिनाची माया म्हणजे शिस्त. सकाळी सातला बर्टुस स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढायचा. भरायचा चारशे तीस ग्रॅमच्या आसपास, आणि तो आकडा कॅलेंडरवर लिहिला जायचा. मग गाजर, एंडाइव्हची पानं, शिजवलेली डाळ, सगळं नखाएवढं चिरून. मग वीस मिनिटं शिकवणी. काठीच्या टोकाला चोच लाव, हारमिनानं जीभ टाळ्याला लावून टक केलं की एक चिलगोजा. असा एकेक चिलगोजा देत तिनं त्याला हातावर यायला, पिंजऱ्यात परत जायला, पंख उघडून दाखवायला शिकवलं होतं. घरात निर्लेप तवा नाही, कारण तो तापला की त्याच्या वाफेनं पक्षी मरतो. अत्तर नाही, उदबत्ती नाही, सुट्टीत कुठे जाणं नाही.

आणि फ्राउकेनं काय केलं होतं? खुर्चीत बसून राहिली होती. खुबा मोडलेला, करणार काय? खांद्यावर एक जुना फडका टाकायचा, पाव खायचा, काहीतरी गुणगुणायचं. तिसऱ्या दिवशी बर्टुस तिच्या खुर्चीच्या पाठीवर. दहाव्या दिवशी खांद्यावर. महिन्याभरात हारमिना काठी घेऊन आली की तो मान फिरवायला लागला, आणि एकदा तर चक्क चावला.

"जा ना रे मिनाकडे, वेड्या," फ्राउके म्हणायची. त्यानं तर हारमिनाच्या नाकाला आणखीच मिरच्या झोंबायच्या.

हे सगळं जुनंच होतं. वडिलांच्या सायकलचा पुढचा दांडा फ्राउकेचा, मागचं कॅरिअर हारमिनाचं. शेजाऱ्यांचं कुत्रं फ्राउकेकडे, मावशीचे लाड फ्राउकेला. ती काही मागायची नाही, काही करायची नाही. नुसती असायची, आणि सगळं आपोआप तिच्याकडे चालत यायचं. हारमिनाला वाटलं होतं, एक पोपट तरी यातून सुटला.

ओकण्याच्या प्रकाराला आठवडा झाला असेल, काट्यावर आकडा आला चारशे चार. श्वास घेताना बर्टुसची शेपटी हलत होती. हारमिनानं त्याला पेटीत घातलं, पेटी शालीत गुंडाळली आणि पहिल्या गाडीनं ख्रोनिंगेनला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, छातीत संसर्ग आहे. पावाच्या कडांचा काही संबंध नाही. चौदा दिवस, दिवसातून दोनदा, पिचकारीनं औषध थेट चोचीत घालायचं. टॉवेलमध्ये गुंडाळून.

टॉवेल म्हटल्यावर हारमिनाच्या डोक्यात एक विचार आला. चांगला नव्हता, हे तिलाही कळलं.

अपिंगेडामला पोपट पाळणाऱ्यांचं एक पक्षीमंडळ होतं, हारमिनाही त्यात होती. दर महिन्याला आठदहा लोक जमायचे, कॉफी प्यायचे, आणि एक रीत सगळेच पाळायचे: आपल्या पक्ष्याला आपण टॉवेलमध्ये धरायचं नाही. पोपट तो हात जन्मात विसरत नाही. नखं कापायची असली की मंडळातल्या दुसऱ्या कुणाला बोलवायचं. तो येणार, धरणार, कापणार, शिव्या खाणार. मग मालकानं धावत यायचं, पक्ष्याला सोडवायचं, जवळ घ्यायचं. तो पाहुणा खलनायक, मालक देव. मंडळातल्या होम्मोच्या मकाऊची, त्या मोठ्या रंगीत पोपटाची, नखं वर्षानुवर्षं हारमिना कापायची. तिच्या सायकलची घंटा ऐकली तरी तो अजून किंचाळायचा. बर्टुसच्या नखांना होम्मो यायचा.

त्याच संध्याकाळी होम्मोचा फोन आला. "मी येतो की रोज दोनदा. निवृत्त माणूस मी, मला काय काम? सायकलवर अर्धा तास."

"नको," हारमिना म्हणाली. "घरात बहीण आहे माझी."

होम्मोनं विचारलं, "तिला ठाऊक आहे ना टॉवेलचं?"

"तिला काय फरक पडतो? पोपट काय तिचा आहे?"

फ्राउकेला तिनं सांगितलं की आपलं मनगट धरलंय. "तुलाच करावं लागेल गं. मी दाखवते कसं." मोज्याचं बोचकं करून तिनं तिला शिकवलं: मान दोन बोटांत, छाती मोकळी. छाती दाबली तर श्वास जातो, हे तीनतीनदा सांगितलं. फ्राउकेनं मान डोलावली. "जमेल मला. पण तो रागावेल ना गं माझ्यावर?"

"औषधाचा कसला राग? दोन दिवसांत विसरेल."

इतकं सफाईनं खोटं हारमिना कचेरीतही कधी बोलली नव्हती.

पहिल्या दिवशी बर्टुस आपण होऊन फ्राउकेच्या हातावर आला, म्हणूनच सापडला. पिवळ्या टॉवेलातून जी किंकाळी उठली ती गल्लीभर गेली असेल. हारमिना बाहेरच्या पॅसेजमध्ये उभी राहून मोजत होती. चाळीसपर्यंत मोजलं, मग दार लोटून आत. "अरे माझ्या राजा! काय केलं रे तुला! ये, ये, माझ्याकडे ये." हातात चिलगोजा तयार. बर्टुस थरथरत तिच्या गळ्याशी लपला. पिसांचा तो उबदार वास तिला महिन्याभरात मिळाला नव्हता. बहिणीच्या अंगठ्यातून रक्त येतंय हे तिनं पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं.

अठ्ठावीस वेळा हे झालं. फ्राउकेच्या सहा बोटांना पट्ट्या लागल्या. एकदाही ती म्हणाली नाही, आज तू कर. बर्टुसचं वजन वाढत गेलं, चारशे दहा, चारशे अठरा, चारशे सव्वीस. आणि बाराव्या दिवशी दुपारी, शिकवणी चालू असताना, त्यानं मान वरखाली केली, डोळे बारीक केले आणि हारमिनाच्या बाहीवर गाजराचा लगदा काढून ठेवला.

हारमिनाच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती तशीच बाही धरून फ्राउकेच्या खोलीत गेली. "बघ."

फ्राउके पट्टी बदलत होती. तिनं बाहीकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं. "पोट बिघडलं का गं त्याचं परत?"

"हो," हारमिना म्हणाली. "तसंच काहीतरी." ब्लाउज तिनं दुसऱ्या दिवशीपर्यंत धुतला नाही.

औषध संपलं. त्या संध्याकाळी फ्राउकेनं खांद्यावर फडका टाकला, खुर्चीत बसली आणि गुणगुणायला लागली. बर्टुस पिंजऱ्याच्या पार मागच्या कोपऱ्यात जाऊन गुरगुरला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही फडका होताच. आठवडाभर ती बाई रोज संध्याकाळी खांद्यावर फडका टाकून बसत होती, आणि हारमिना बर्टुसला मानेवर घेऊन समोरून मिरवत होती. पाचव्या दिवसापासून फ्राउकेचं गुणगुणणं थांबलं. घर पहिल्यासारखं झालं, म्हणजे हारमिना एकटी राहायची तेव्हा होतं तसं. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

गुरुवारी फ्राउके म्हणाली, "मी शनिवारी जाते गं. खुबा बरा आहे आता. जिनाही जमतो." फडका तिनं धुतला होता, इस्त्री केली होती. घडी करून तो खुर्चीच्या पाठीवर ठेवला. "हा तुझा."

जिंकली होती की हारमिना! पोपट तिचा, घर तिचं, खुर्ची तिची. मग ती घडी उचलून कपाटात का ठेवता येत नव्हती?

तिला सायकल आठवली. एकदाच, उभ्या लहानपणात एकदाच, ती पुढच्या दांड्यावर बसली होती. धरणाच्या रस्त्यानं, वारा तोंडावर. फ्राउके म्हणाली होती, माझा पाय दुखतो, मी मागे बसते. आनंदाच्या भरात हारमिनानं विचारलं नव्हतं की दुखरा पाय मागच्या कॅरिअरवर लोंबकळत ठेवून बरं कसं वाटतं.

शनिवारी सकाळी होम्मो बर्टुसची नखं कापायला यायचा होता. तिनं फोन करून सांगितलं, येऊ नकोस.

"का? कोण धरणार?"

"मी."

"वेड लागलंय का तुला? एकोणीस वर्षांची कमाई!"

"फोन ठेव," हारमिना म्हणाली आणि स्वतःच ठेवला.

फ्राउकेची बॅग दाराशी होती. हारमिनानं तिला पॅसेजमध्ये उभं केलं. "इथे थांब. मी हाक मारली की आत यायचं, त्याला माझ्या हातातून सोडवायचं आणि माझ्यावर ओरडायचं."

"ओरडायचं? काय म्हणून?"

"काहीही म्हण. पण खरं ओरड. खोटं त्याला कळतं."

फ्राउकेनं तिच्याकडे पाहिलं. मग टेकायची काठी दुसऱ्या हातात घेतली.

बर्टुस खुर्चीच्या पाठीवर होता. हारमिनाला बघून त्यानं मान खाली केली, खाजव म्हणून. तिनं खाजवली. आत कुणीतरी म्हणत होतं, नको गं, कशाला, जाऊ दे तिला, अकराची गाडी आहे. मग तिनं पाठीमागचा पिवळा टॉवेल पुढे आणला.

तो पळालासुद्धा नाही. तिच्याकडून त्याला ही अपेक्षाच नव्हती. टॉवेल पडल्यावर मात्र त्यानं अंगठा असा धरला की डोळ्यांपुढे अंधारी आली. छाती मोकळी ठेवून, दात आवळून, तिनं एक नख कापलं. किंकाळ्यांनी कान बधिर झाले.

"फ्राउके!"

दार उघडलं. फ्राउकेनं काठी टाकून दिली आणि दोन्ही हातांनी टॉवेल ओढला. "सोड! सोड त्याला! लाज नाही वाटत?" आवाज जरा खोटाच होता. मग तिचा चेहरा बदलला. "दुसऱ्याकडे काही गेलेलं तुला बघवतच नाही! कधीच बघवलं नाही! पुढे बसवली तरी मागे वळून बघत होतीस, मला कुणी हात करतंय का म्हणून! होम्मोनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं टॉवेलचं, कोपऱ्यावर मासळीच्या गाडीपाशी भेटला तेव्हा. पहिल्याच दिवशी, मिना! तरी धरला मी. अठ्ठावीस वेळा चावून घेतलं. म्हटलं, घे बाई, हाही घे, एकदाचं पोट भरू दे तुझं! आणि तू बाही दाखवायला आलीस मला!"

बर्टुस टॉवेलातून सुटला, धडपडत तिच्या दंडावरून वर चढला आणि मानेशी, तिच्या पांढऱ्या केसांत तोंड खुपसून बसला. फ्राउकेचा हात आपोआप त्याच्या पाठीवर गेला. तिला धाप लागली होती.

हारमिनाच्या अंगठ्याचं रक्त टॉवेलवर ठिबकत होतं. समोर पोपट दुसरीच्या गळ्यात, आणि पोटात आग ती पेटलेलीच. ती काही विझली नव्हती. तरीही हात लांब करून तिनं खुर्चीवरचा घडी घातलेला फडका उचलला आणि बहिणीच्या दुसऱ्या खांद्यावर टाकला.

"झालं माझं," फ्राउके हळूच म्हणाली. "एवढंच होतं."

"एवढंच कसं असेल? साठ वर्षांचं आहे," हारमिना म्हणाली आणि समोरच्या स्टुलावर बसली. "अजून ओरड. त्याला अजून नीट पटलेलं दिसत नाही."