सोळाव्या आठवड्यातलं चित्र

माझी नणंद वीत्स्के हिचं द्राख्तन गावात हौसेच्या सोनोग्राफीचं दुकान आहे. तिथे आजार शोधत नाहीत. सोफ्यावर बसून पोटातलं बाळ मोठ्या पडद्यावर बघायचं, मुलगा की मुलगी ते कळलं की केक कापायचा. सोळाव्या आठवड्यात आम्ही सगळे गेलो. सासूबाई, सासरे, माझी आई.

पडद्यावर बाळाच्या पोटात एक काळा फुगा होता.

"हे मूत्राशय. काय फुगलंय बघा," वीत्स्के म्हणाली. "जोरितवर गेलाय. हाही गाडीत बसला की दहा मिनिटांत थांबायला लावायचा."

जोरित, माझा नवरा, सगळ्यांत जोरात हसला. मीही हसले.

विसाव्या आठवड्याच्या खऱ्या तपासणीत कोणी हसलं नाही. बाळाभोवती पाणी उरलंच नव्हतं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टर तेर्प्स्ट्राबाईंनी कागदावर काढून दाखवलं. लघवीच्या वाटेत पडदा, म्हणून लघवी तुंबलेली, मूत्रपिंडं सुजलेली. भोवतीचं पाणी म्हणजे त्याचीच लघवी. ते नसलं तर फुप्फुसं वाढत नाहीत. मूत्रपिंडांत अजून जीव असेल तर मूत्राशयात बारीक नळी घालता येईल.

सुईने त्याची लघवी काढून तपासली, दोनदा. त्या आठवड्यात मी त्याच्याशी तेवढंच बोलले. थोडीशी चांगली येऊ दे रे राजा, बाकी काही मागत नाही.

शुक्रवारी निकाल आला. मूत्रपिंडं निकामी झालेली. नळीचा उपयोग नाही.

"चार आठवडे आधी आले असते तर?"

"तर नळीचा विचार केला असता," बाई म्हणाल्या. "वाचला असता असं म्हणणार नाही. पण विचार केला असता."

इस्पितळाच्या गाडीतळावरूनच मी वीत्स्केला फोन लावला.

"तुला कळलं होतं?"

"शंका आली होती. पण आम्हाला आजाराबद्दल बोलायची मुभा नाही, फेन्ना."

"तुला तपासणाऱ्या सुईणीला दाखवून घे, एवढं तरी म्हणता येत होतं."

"तुझी आई केक घेऊन बसली होती गं. आणि विसाव्यात दिसणारच होतं." मग म्हणाली, "उद्या येताय ना?"

उद्या तिचा वाढदिवस. आमच्याकडे खुर्च्या गोल मांडतात आणि येणारा प्रत्येकापुढे जाऊन हात मिळवतो. आईबापांना मुलीच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन, मुलीला आईच्या, शेजाऱ्यांना शेजारणीच्यासुद्धा. कोणाला वगळायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी जोरित म्हणाला, घरीच थांबू. मी कोट चढवला.

वीत्स्केकडे सासऱ्यांपासून सुरुवात केली. त्यांचा हात हातात घेऊन हळूच म्हटलं, "बाळ जगणार नाही. वीत्स्केला सोळाव्या आठवड्यातच दिसलं होतं." पुढची खुर्ची, तेच. शेजारीण, तेच. सासूबाईंनी हात सोडवून घेतला.

"आज तरी नको होतं, फेन्ना."

"सगळ्यांना भेटायला तर हवंच ना, आई."

"पुरे कर," वीत्स्के म्हणाली.

"एक राहिलीय."

शेवटच्या खुर्चीत यिल्दू होती, वीत्स्केची सात वर्षांची मुलगी. तिने शहाण्यासारखा हात पुढे केला. "अभिनंदन, मामी." मी तिलाही सांगितलं, त्याच आवाजात, एक शब्द न गाळता.

ती आईकडे वळली. "तू का नाही सांगितलंस?"

पाणी नसल्यामुळे बाळाची टाच आतून थेट लागते, तेव्हाही लागली. मी खुर्ची ओढून त्या गोलात बसले. कोणीतरी माझ्या हातात कॉफी दिली.