पुसलेली खूण

विंगेतल्या स्टुलावरून तिला रंगमंचाचा जेमतेम एक कोपरा दिसायचा. पण कान सगळीकडे पोचायचे. तीस वर्षं ती नाटकाची वही मांडीवर घेऊन अडलेल्या नटाला शब्द पुरवत आली होती. कंपनीत सगळे तिला कुजबुज म्हणायचे, अगदी सख्खा थोरला भाऊसुद्धा. हा भाऊ म्हणजे कंपनीचा मुख्य नट, लहानथोरांचा दादा.

दुपारचा प्रयोग होता. दुसऱ्या अंकात दादाने खुर्चीच्या पाठीवर हात टेकला, "मी तुला कधीच..." एवढं म्हणाला आणि थांबला.

कुजबुजने दोन श्वास जाऊ दिले. मग हळूच वाक्य सोडलं, "थांबवलं नाही."

दादा गप्प.

तिने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. मनातून चिडलीही. सकाळी म्हटलं होतं, एकदा वाचून काढ, तर म्हणे मला झोपेतही येतं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या कुणाला तरी ऐकू गेलं असावं, कारण तिकडून हसू आलं. आणि मग दादाने विंगेकडे तोंड वळवलं.

तो कधी विंगेकडे बघत नसे. बघणाऱ्या पोरांना फाडून खात असे. आज तो सरळ तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता, मेण वितळावं तसा. त्याने काहीतरी म्हटलं. ते कुठल्याच वहीत नव्हतं.

"पडदा," ती म्हणाली. प्रयोग चालू असताना तिचा मोकळा आवाज कंपनीने पहिल्यांदाच ऐकला. हाताने मात्र सवयीने समासात वेळ लिहिली, चार वीस, आणि पुढे एक फुली मारली.

पडदा खाली येईपर्यंत दादा खुर्चीसकट कलंडला होता. सगळ्यात आधी रंगाकाका पोचले. रंगाकाका म्हणजे तोंड रंगवणारे म्हातारे. प्रथमोपचाराच्या वर्गाला कंपनीतून हे एकटेच गेले होते, आणि त्यावरून वर्षभर थट्टा सोसत होते.

"पाणी नको, घशात अडकेल. कुशीवर घ्या. अँब्युलन्सला फोन लावा आणि सांगा, अर्धांगाचा झटका वाटतोय." असं बोलताबोलता त्यांनी क्रीमचा बोळा दादाच्या गालावरून फिरवला. "रंगाखाली माणूस कसा आहे ते दिसत नाही गं," ते तिला म्हणाले. रंग निघाला तसा खालचा चेहरा वर आला. राखाडी होता. 

दवाखान्यात पोचेपर्यंत सव्वापाच झाले. वहिनी घरच्या चपलांवरच धावत आल्या होत्या. डॉक्टरीण वयाने लहान, पण बोलणं नेमकं.

"त्रास कधी सुरू झाला? नक्की वेळ हवी."

"चार वीस," कुजबुजने वही पुढे केली. "हे बघा, लिहिलंय."

"असे नातेवाईक रोज मिळत नाहीत," डॉक्टरीण म्हणाली. "डोक्यातली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं. सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आधी स्कॅन. मशीन एकच आहे आणि आत अपघाताचे दोघे आहेत. पण चार वीस म्हणजे आपल्या हातात वेळ आहे. ते झाले की लगेच यांना घेते."

वहिनींनी कुजबुजचा हात धरला. "तू होतीस म्हणून बाई. दुसरं कुणी असतं तर वेळसुद्धा सांगता आली नसती."

ती बाकावर बसली. नामस्मरण करावं म्हणून डोळे मिटले, तर नामाऐवजी पहिल्या अंकाचं पान डोळ्यांपुढे आलं. तिने वही उघडली. त्या पानाच्या समासात कागद खरवडलेला होता.

दादाचा एक नियम होता. त्याच्या चुकीची वेळ ती समासात टिपायची, पण ती खूण मध्यंतरात पुसायची. कागदावर राहिली तर पुढच्या प्रयोगात ती चूक परत हाक मारते, असं तो म्हणे. बाकीच्यांच्या चुका वहीत वर्षानुवर्षं राहत, दादाच्या मध्यंतरापर्यंतच. आजही तो मध्यंतरात आला होता आणि तिने खोडरबर फिरवलं होतं.

काय पुसलं होतं आपण?

आठवलं. समोर घड्याळात सहा वाजायला दहा होते. सांगितलं तर वहिनींना कळणार, की तिने आधीच पाहिलं होतं आणि गप्प राहिली. नाही सांगितलं तर कुणालाच कळणार नाही. वहीसुद्धा कोरी. वहिनींचा हात अजून तिच्या हातात होता, ऊबदार, विश्वासाने टाकलेला. तिला तो उचलवेना इतका जड झाला.

ती उठली. डॉक्टरणीपुढे उभी राहिली तेव्हा तोंडातून फक्त कुजबुजच निघाली. "चार वीस नाही. त्याच्या आधी एकदा झालं होतं. मी पुसलं."

"काय पुसलं?"

तिने पान दिव्यापुढे धरलं. पेन्सिलीचा दाब कागदावर उमटला होता. दोन चाळीस.

"तेव्हा काय झालं, नीट सांगा."

"पहिल्या अंकात काठी तो उजव्या हाताने उचलतो. आज डाव्याने उचलली. आणि 'पाऊलवाट' म्हणताना जीभ जड. मला वाटलं, नवीन काही करून बघतोय."

"नंतर सुधारलं? पूर्ण?"

"मध्यंतरात माझ्याशी बोलला. खूण पुस म्हणाला." तिने वही मिटली. "तेही जडच म्हणाला. मला वाटलं, तोंडात बिस्कीट आहे."

पाठीमागे वहिनी उभ्या होत्या. कधी आल्या, कळलंच नाही.

डॉक्टरणीने घड्याळाकडे बघत दोन चाळीसपासून साडेचार तास मोजले. "म्हणजे सात दहापर्यंतच. चार वीस धरून मी आठ-सव्वाआठला दिलं असतं आणि डोक्यात रक्तस्राव झाला असता तर कारणही कळलं नसतं." मग ती वळली. "आतला पेशंट निघाला की दुसऱ्याला थांबवा, त्याला फक्त हाताला लागलंय. यांना आधी."

स्ट्रेचर दारातून आत गेलं. सहा बावन्नला इंजेक्शन दिल्याचं नर्सने सांगितलं. आता वाट बघायची, फायदा होईलच असं नाही, तेही सांगितलं.

वहिनी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. मध्ये दोन माणसांची जागा. 

तासाभराने दोघींना दारापर्यंत सोडलं. डॉक्टरीण दादाला म्हणत होती, "नाव सांगा तुमचं."

दादाचे ओठ हलले. आवाज नाही. त्याची नजर दाराकडे वळली, कुजबुजवर येऊन थांबली. शब्द तिच्या जिभेवर तयार होता, आयुष्यभर असायचा तसा. ओठ उघडलेही.

"त्यांना सांगू नका," डॉक्टरीण न वळता म्हणाली. "त्यांचं त्यांना येतं का, तेच बघायचंय."

तिने पदराचा बोळा तोंडावर धरला. एक श्वास. दोन. तीन. नाटकात एवढं कधी थांबली नव्हती. चौथ्याला दादाच्या घशातून काहीतरी आलं. नाव नव्हतं, अर्धंमुर्धं पहिलं अक्षर होतं.

वहिनींनी पिशवीतून पेन्सिल काढली आणि तिच्याकडे न बघताच पुढे केली.

"लिही. किती वाजले ते. आणि आता पुसू नकोस."

तिने लिहिलं.  आत डॉक्टरीण पुन्हा विचारत होती, "नाव सांगा."