एक रिंग म्हणजे पाणी

माझ्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात माणूस वाफेने भरलेल्या बाथरूममधून बोलतोय असं वाटतं. एरवी मी चालवून घ्यायचे. मीटिंगमध्ये माझं तोंड बघायला कोण बसलंय! पण मुलाखतीला ते चालणार नव्हतं. ही नोकरी पूर्ण घरून करायची होती, आणि ती मिळाली नाही तर बाबांना वृद्धाश्रमात जावं लागणार होतं. माझ्या आत्ताच्या ऑफिसची रजा संपत आली होती.

दादा वाईट नाही. लांब राहतो, रोज फोन करतो, आणि रोज तेच विचारतो. "अगं, तिथे चोवीस तास नर्स असते. तू ऑफिसला गेल्यावर त्यांना पाणी कोण देणार?" प्रश्न बरोबर असायचा, म्हणून तर माझं डोकं फिरायचं. तिथली एक खाट त्याने महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती. बाबांना हे माहीत होतं. ते भिंतीकडे तोंड करून पडायचे, आणि मी त्यांना आणखी एक उशी हवी का असलं काहीतरी विचारायचे.

बाबा बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करायचे. माइक बंद पडला तरी शेवटच्या फलाटावरची माणसं बॅगा उचलायची, असा आवाज. अर्धांगवायूच्या झटक्याने तो नेला. आता एखाददुसरा शब्द, तोही ओढून काढलेला. दादाने घंटी आणून दिली होती. ती बाबांनी गादीखाली सारली. मग आम्ही दोघांनी एक पद्धत बसवली. त्यांनी डाव्या हाताने माझा नंबर लावायचा. एक रिंग देऊन ठेवला तर पाणी. दोन रिंगा म्हणजे बाथरूम. वाजतच राहिला तर हातातलं टाकून ये.

पायाचं म्हणाल तर व्यायाम करून घेणाऱ्या बाई सांगून दमल्या की ताकद आलीय, भीती तेवढी घालवा. पण बाबा हटून बसले होते. खाटेशेजारच्या वॉकरवर आमचे टॉवेल वाळायचे.

तर कॅमेरा. फोनचाच वेबकॅम करता येतो, हे मला तेव्हाच कळलं. एक अ‍ॅप फोनवर टाकायचं, त्याचाच जोडीदार लॅपटॉपवर, मध्ये चार्जिंगची केबल, आणि मीटिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन कॅमेरा बदलायचा. फोनच्या मागच्या बाजूचा कॅमेरा जास्त चांगला, म्हणून फोनची पाठ माझ्याकडे. साखरेच्या डब्याला टेकवून मी तो लॅपटॉपच्या मागे उभा केला. चित्र असं लख्ख आलं की मला उठून केस परत विंचरावे लागले. शिवाय केबल असल्यामुळे फोनला नेटवर्कची गरज नव्हती, म्हणून तो फ्लाइट मोडवर टाकला. कर्ज हवंय का विचारणाऱ्यांना नेमकी अशाच वेळी माझी आठवण येते. सगळा विचार करून ठेवलाय, या आनंदात मी खुर्चीत बसले.

समोर दोघं होते. एक चष्मेवाल्या बाई आणि एक गृहस्थ, जे बराच वेळ स्वतःचा माइक बंद ठेवून बोलत होते. काम ग्राहकांच्या तक्रारी ऐकायचं. ते मला येतं. चिडलेल्या माणसाशी शांत बोलायला मी स्वतः चिडकी असूनही शिकलेय.

"चित्र फार छान येतंय तुमचं," बाई म्हणाल्या. "कुठला कॅमेरा?"

"फोन आहे माझा," मी ऐटीत सांगितलं आणि केबलपासून फ्लाइट मोडपर्यंत सगळं ऐकवलं. त्यांनी लिहूनही घेतलं. गाडी रुळावर होती.

"घरून काम करताना व्यत्यय येतात," गृहस्थ म्हणाले. "घरी आणखी कोण असतं?"

"वडील. पण त्यांचा काही त्रास नाही. त्यांना काही लागलं तर ते मला फोन करतात."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "कुठल्या फोनवर?"

मी साखरेच्या डब्याला टेकलेल्या फोनकडे बघितलं. तेवढ्यात पडद्यावर, माझ्या खांद्यामागे, स्वयंपाकघराचं दार हललं. आधी वॉकरचे दोन पाय आले, त्यावरचा ओला टॉवेल आला, आणि मग बाबा. पाय थरथरत होते. कपाळावरचा घामही दिसत होता, इतका चांगला कॅमेरा.

मी उठले तशी केबल ओढली गेली, फोन खाली पडला, मुलाखत अंधारात गेली. मला त्याचं काही वाटलं नाही. "बाबा! पडला असतात म्हणजे?" मी ओरडले आणि त्यांना धरून माझ्याच खुर्चीत बसवलं. त्यांनी माझा दंड सोडला नाही.

"बंद," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "तुझा... बंद... नसतो."

मी रडले. लॅपटॉप तसाच चालू होता. तिकडे आवाज जात होता.

"सगळं ठीक आहे ना?" बाई विचारत होत्या. "आम्ही थांबतो. घाई करू नका."

मी फोन उचलून परत टेकवला. पुढची मुलाखत बाबांच्या शेजारी स्टूलवर बसून दिली. अर्धं चित्र त्यांनीच व्यापलं होतं आणि ते समोरच्या दोघांकडे असे रोखून बघत होते, जणू मुलाखत तेच घेतायत. घरातल्या व्यत्ययाबद्दल परत कुणी विचारलं नाही. शेवटी बाई त्या गृहस्थांशी काहीतरी बोलल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"पहिल्या तारखेपासून या. म्हणजे बसा, घरीच. वेबकॅम आम्ही पाठवतो. फोन त्यांच्यासाठी मोकळा ठेवा."

दादाला कळवायला मी फ्लाइट मोड काढला. मिस्ड कॉलचे मेसेज धडाधड येऊन पडले, सगळे बाबांचे.

"पण तुम्हाला हवं काय होतं?" मी विचारलं.

त्यांनी एक बोट वर केलं. एक रिंग.

मी पाणी आणायला आत गेले. खाटेपासून माझ्या टेबलापर्यंतची वाट स्वयंपाकघरातूनच जाते. पाण्याचा जग ओट्याच्या कडेला होता, त्यांच्या हाताला लागेल असा, काठोकाठ भरलेला. शेजारी पेला उपडा होता, सकाळी मी घासून ठेवला तसाच, कोरडा.