टपकला

नाथाजीच्या तोंडात एकच शब्द. छपरातून पाणी गळलं तरी टपकलं, ऐन जेवायच्या वेळेला पाहुणा दारात उभा राहिला तरी टपकला. परवा तालमीतले लालासाहेब छातीत कळ येऊन गेले, तर हा गावभर सांगत सुटला, "लालासाहेब टपकला!" मेल्याच्या जिभेला हाडच नव्हतं.

तोच नाथाजी बहात्तरच्या जानेवारीत सायकल हाणत कुंडलच्या शिवारात आला आणि रंगुबाईच्या उसाच्या बांधावरून ओरडला, "आवं काकी, तुमचा अर्जुना टपकला! फाट्यावर!" पुढं काही न सांगता तसाच सुसाट निघून गेला.

रंगुबाईच्या हातातला विळा गळून पडला. अर्जुना फौजेत. लढाई थांबून महिना होत आला, पण पोराचं पत्र नव्हतं. शेजारच्या रानातली बनाबाई धावत आली. तिचा सिद्धू अर्जुनाच्याच पलटणीत होता. दोघं एकाच दिवशी भरती झालेले.

"ग्येला म्हनला का गं त्यो?" रंगुबाईनं तिचा दंड धरला.

"न्हाई गं! आला म्हनला आसंल."

"आन् सांगावा घिऊन दुसरंच कोन आलं आसंल तर?"

"तू चल आदी."

फाटा दीड मैल. बनाबाई रंगुबाईला धरून चालवत होती, "आपल्या पोरास्नी काय हुतंय गं," म्हणत होती. रंगुबाई मनातल्या मनात देवाला विनवत होती, कुनाचंबी ने, माझं ठेव.

चहाच्या हॉटेलापुढं माणसं जमलेली, सगळी गप्प. ते बघून तिनं हंबरडाच फोडला. तोच गर्दीतून फौजी वर्दीतला अर्जुना उठला. धडधाकट! रंगुबाईनं त्याला चाचपलं, कवटाळलं, नाथाजीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि रडता रडता हसली.

"बग, मी म्हनलं न्हवतं?" बनाबाईही डोळे पुसत हसली. "आन् आमचा कुटं हाय रं? त्योबी टपकला न्हवं?"

अर्जुना मान खाली घालून उभा राहिला.

त्याच्यामागं बाकड्यावर नावं रंगवलेल्या दोन ट्रंका होत्या. रंगुबाईला अक्षर येत नव्हतं, पण एकट्या शिपायाजवळ दोन ट्रंका नसतात एवढं तिला कळत होतं. बनाबाई अजून हसत होती. रंगुबाई हळूच सरकली आणि त्या ट्रंकांच्या आडवी येऊन उभी राहिली.