गाण्यातली लांदू

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे, किन्शासातल्या माटोंगे वस्तीतला. हल्ली माकिएसे म्हाताऱ्याच्या अंगणात माझ्यावर केळी पिकत ठेवतात. पण एके काळी माझ्या पोटातले काचेचे व्हॉल्व्ह तापून लाल झाले, की गल्लीतली माणसं बिअरचे ग्लास खाली ठेवून ऐकायची.

आमच्या बँडकडे ॲम्प्लिफायर मी एकटाच होतो. माकिएसेची गिटार माझ्यात आणि आमची गायिका न्सोना, तिचं गाणंही माझ्यातच. घसा बसायचा तो माझा, तिचा कधी नाही. तिचं तान्हं बाळ, लांदू, माझ्या शेजारी टोपलीत असायचं. टोपली ठेवण्याआधी न्सोना दरवेळी माझ्या लाकडाला उलटा हात लावून बघायची, कपाळाचा ताप बघावा तसा. फार तापलो असेन तर टोपली लांब. कोमट असेन तर अगदी चिकटून. माझी घरघर ऐकत ते पोर झोपायचं. टाळ्या पुष्कळ मिळाल्या मला, पण असा विश्वास पुन्हा कुणी टाकला नाही.

पुढे नवी यंत्रं आली, न्सोना वारली, आणि मी केळ्यांचा झालो. माकिएसे तेवढा मला अधूनमधून चालू करून बघतो.

मागच्या आठवड्यात रेडिओवरची न्गालुला आली. न्सोनावर कार्यक्रम करायचा, म्हणून एकेक गोष्ट पडताळत फिरत होती. सोबत लांदू होती. आता तिच्याच पाठीला तान्ही मुलगी बांधलेली, किरकिर करणारी.

"पापा, त्या गाजलेल्या गाण्यात हाच वाजलाय ना?" न्गालुलानं माकिएसेला विचारलं आणि मला टिचकी मारली. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला सगळे 'पापा'च म्हणतात.

"केळी उतरव आणि त्यालाच विचार."

"आणि गिटारच्या तुकड्यात न्सोना 'लांदू' म्हणते, तो कोण? तिथं तर सगळ्यांना बिअर पाजणाऱ्या एखाद्या शेठचंच नाव घ्यायची रीत. आम्ही तसंच सांगणार आहोत."

"त्या नावाचा कुणी शेठच असेल," लांदू म्हणाली. "आई माझं नाव कशाला घेईल? मावशी सांगते, मला आजीकडे टाकून ती गात फिरायची." बोलली सहज, पण पाठीवरच्या मुलीचं फडकं तिनं उगाच पुन्हा आवळलं.

मला ओरडावंसं वाटलं. पण वायर जोडल्याशिवाय मला कुठली वाचा?

माकिएसेनं गिटार मांडीवर घेऊन माझी वायर जोडली, तशी लांदू मागे सरली. "फुटणार नाही ना हो हे? पोर आहे अंगावर."

"तुझ्यापेक्षा शांत आहे तो."

मी तापलो, घरघरू लागलो. पाठीवरची किरकिर थांबली. लांदूनं मान वळवून मुलीकडे पाहिलं, मग एक पाऊल पुढे आली. मुलीला माझ्याजवळ न्यायच्या आधी तिनं माझ्या लाकडाला उलटा हात लावला.

माकिएसेची बोटं तारांवरच थांबली. "न्सोनाचा हात," तो म्हणाला. "अगं, तुझी टोपली इथंच असायची. तिनं तुला कधी नजरेआड केलं नाही. ते गाणं रेकॉर्ड झालं त्या दिवशी एक सिमेंटवाला शेठ पुढच्या टेबलावर बसला होता, आपलं नाव येणार म्हणून सगळ्यांना पाजून. नेमकी नाव घ्यायच्या वेळी तू चुळबुळलीस. तिनं तुला हाक मारली. शेठ तरातरा निघून गेला, आणि त्याच्याबरोबर आमची पुढची बिअरही."

"पापा, गोष्ट गोड आहे," न्गालुला म्हणाली, "पण रेडिओवर पुरावा लागतो." तिनं फोनवर ते गाणं लावलं आणि फोन माझ्याजवळ धरला. त्यातली घरघर माझीच होती. मग न्सोनाची हाक आली, आणि हाकेमागून तान्ह्या बाळाचा एक बारीक, ओलसर हुंकार.

"हा आवाज होय," न्गालुला हळू आवाजात म्हणाली. "यंत्राचा दोष समजून आम्ही काढूनच टाकणार होतो."

"परत लावा," लांदू म्हणाली. ऐकून झाल्यावर पुन्हा, "परत."

नंतर ती बराच वेळ माझ्याशेजारी बसून राहिली, पाठ माझ्याकडे करून, मुलगी झोपेपर्यंत.

मित्रांनो, केळी पुन्हा माझ्यावरच आहेत, माझी तक्रार नाही. एवढंच मागतो, कधी जुनं गाणं स्वच्छ करायला बसलात, तर घाई करू नका. खरखर पुसण्याआधी कान देऊन ऐका. तिथं कुणाचं तरी बाळ झोपलेलं असेल.