वीजपाखरू पाडलं तेव्हा

जुईलीनं उभ्या पुठ्ठ्याआड वीस बाजूंचा फासा टाकला, वाकून आकडा बघितला आणि अगदी गोड आवाजात सांगून टाकलं, की अपेक्षाची तलवार वितळली.

"पुन्ना?" अपेक्षा म्हणाली.

"वीजच आहे ना ती. लोखंड कसं टिकेल?"

चटईवर शेजारी बसलेली सायली खुदकन हसली. तलवारीपेक्षा ते हसणं अपेक्षाला जास्त झोंबलं.

जुईलीचे आईबाबा हिंजवडीत नोकरीला. दिवाळीपासून ते घोटावड्यात, अपेक्षाच्या घराच्या वरच्या खोल्यांत भाड्यानं राहत होते. हा खेळ जुईलीनंच आणलेला. एकीनं पुठ्ठ्याआड बसून गोष्ट आणि राक्षस चालवायचे, बाकीच्यांनी योद्धा नाहीतर जादूगारीण होऊन त्यांच्याशी लढायचं. इथवर सगळं झकास होतं. पण या वेळचा राक्षस जुईलीनं स्वतः रचला होता. वीजपाखरू. अंग सगळं विजेचं, पंख झाडले की कडकडाट, बाण मारला तर आरपार. आणि त्याचं चित्र काढलं होतं सायलीनं! निळ्या खडूनं, एकेक पीस सुटं दाखवून. पहिलीपासून अपेक्षाच्या वहीतली प्रत्येक आकृती सायलीच्या हातची. या आठवड्यात मात्र पचनसंस्था काढून मागितली, तर "उद्या देते गं" म्हणाली, आणि तो उद्या काही उजाडला नव्हता.

"लई लाडाचं हाय तुमचं पाखरू," अपेक्षा म्हणाली. "मरतंय का न्हाई त्ये?"

"मरतं की. कसं ते तुम्ही शोधायचं."

मग अपेक्षानं शोधायचंच ठरवलं. तिचे वडील, चंद्रकांत, गावचे वायरमन. खांबाखाली मेलेली वटवाघळं उचलताना ते नेहमी सांगायचे, की एका तारेवर बसलेल्या पाखराला काही होत नाही, दुसऱ्या तारेला पंख लागला की खेळ खलास. अपेक्षानं साळसूद चेहरा करून विचारायला सुरुवात केली. पाखरू कुठं बसलंय? नदीवरच्या झुलत्या पुलाच्या साखळीवर. साखळ्या किती? दोन. एक तुटून पाण्यात लोंबतेय का? जुईली म्हणाली, हो, असू दे. दोन्हींत अंतर? आठ हात. आणि एकेक पंख पसरला तर केवढा?

"दहा," जुईली म्हणाली, आणि तिचा हात फाशावरच राहिला.

अपेक्षानं सायलीच्या कानात सांगितलं. सायलीच्या जादूगारणीनं वारा सोडला. तोल सावरायला पाखरानं पंख उघडले, एक पंख पाण्यात लोंबणाऱ्या साखळीला टेकला, म्हणजे अंगातली सगळी वीज पाण्यात उतरणार. आता फाशावर पंधराच्या वर पडायला हवे होते.

सतरा पडले.

सायलीनं अपेक्षाच्या गळ्याला मिठी मारली. आठवडाभराची जळजळ एका दमात विझली. जुईली रुसेल, काहीतरी नवा नियम काढेल, असं अपेक्षाला वाटलं होतं. वाटलं कसलं, तशी आशाच होती. पण जुईलीनं चित्राखाली नीट अक्षरात लिहिलं, 'अपेक्षानं पाडलं', आणि ती उठली.

"राक्षस पाडेल तिनं पुढचा खेळ चालवायचा. ये, बस इकडे."

अपेक्षा ऐटीत पुठ्ठ्यामागे जाऊन बसली. जुईली वळसा घालून चटईवर आली, अपेक्षा उठली होती तिथंच टेकली. सायलीनं शेंगदाण्याची वाटी दोघींच्या मध्ये सरकवली. मग दोघींची डोकी जवळ आली आणि कुजबुज सुरू झाली. पुठ्ठ्यावरून अपेक्षाला दोन कपाळं तेवढी दिसत होती.

"काय ठरवताय? मला बी सांगा की."

"तुला कसं सांगायचं?" सायली हसत म्हणाली. "तू राक्षसाच्या बाजूची."

अपेक्षानं फासा मुठीत घट्ट धरला. दिवाळीपासून प्रत्येक रविवारी ती आणि सायली तिथं, त्याच चटईवर, अशाच कुजबुजल्या होत्या. आणि पुठ्ठ्यामागे बसायची एकटी जुईली.

"सांग ना," जुईली मांडी सावरत पुढं सरकली. "आम्ही दोघी आता कुठे आहोत?"

'आम्ही दोघी' म्हणताना ती जरा रेंगाळली, जिभेवरची गोळी लवकर संपू नये तशी.

अपेक्षानं पुठ्ठ्याआड फासा टाकला. आकडा तिनं बघितलाच नाही.