एका दुपारची गव्हर्नर

गव्हर्नर वॉशिंग्टनला गेलेले, उपगव्हर्नर इस्पितळात. असं झालं तर राज्याचा कारभार सिनेटच्या, म्हणजे राज्याच्या वरच्या सभागृहाच्या, अध्यक्षाकडे जायचा, म्हणून त्या मंगळवारी अध्यक्ष सिग्ने टॉरगर्सन गव्हर्नरच्या खुर्चीत बसली होती. बसली कसली, कडेला टेकली होती. सिनेटमध्ये केस पांढरे झालेली बाई. अधिवेशन नसलं की गावाकडे नवऱ्याबरोबर गाईंचा गोठा सांभाळायची. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर परतणार होते. तोवर खुर्ची धरून ठेवायची, एवढंच.

जेवण होतंय तोच गव्हर्नरांचा सचिव मर्विन दार न वाजवताच आत आला.

"बाई, तुरुंगात दंगा झालाय. कैद्यांनी तीन शिपाई धरून ठेवलेत. नॅशनल गार्डचे जवान फाटकाशी उभे आहेत. तुम्ही हो म्हणालात की आत घुसतील."

"गव्हर्नरांना विचारा."

"विचारून उपयोग नाही. ते राज्याबाहेर आहेत तोवर हुकूम तुमचाच."

सिनेटमध्ये तिचा हात वर जायचा तेव्हा बरोबर आणखी पुष्कळ हात असायचे. वाद घालता यायचा, काम समितीकडे ढकलता यायचं. इथं हात एकच होता.

"आत घुसले तर ते शिपाई वाचतील?"

"त्याची खात्री कोण देणार, बाई?"

"कैद्यांना हवंय काय?"

"पॅरोलचा कायदा बदलून हवाय. जन्मठेपवाल्यांनाही सुटकेची आशा पाहिजे म्हणे. बदलते म्हणून सांगून टाका. शिपाई बाहेर आले की कोण विचारतंय!"

त्याने फोन लावून दिला. पलीकडे कैद्यांचा म्होरक्या होता, डेल्मर प्रूइट. त्याच्यामागे आरडाओरडा चालला होता, काचा फुटत होत्या.

"गव्हर्नर कुठाय?"

"आज मीच आहे. सिग्ने टॉरगर्सन."

"मग कर सही नव्या कायद्यावर, म्हातारे."

"सहीला आधी कायदा तर हवा. तो विधिमंडळ करतं. या खुर्चीत बसून मला तो करता येत नाही."

मर्विनने कपाळावर हात मारला.

"मग तुझा उपयोग काय?"

तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "जवानांना मी थांबवू शकते. डॉक्टर पाठवू शकते. आणि गव्हर्नर परत आले की मी पुन्हा सिनेटर. तेव्हा तुमचा कायदा मांडीन. मंजूर होईलच असं नाही. झाला तरी गव्हर्नर तो फेटाळू शकतात."

"कसली गं तू दुकानदारीण! अशानं गिऱ्हाईक पळेल."

पलीकडे कोणीतरी कण्हत होतं.

"एकाच्या डोळ्याला लागलंय," डेल्मर हळूच म्हणाला. "डॉक्टर पाठव. एकटाच. बंदूक दिसली तर बाकी पोरं काय करतील त्याची खात्री नाही देत मी."

डॉक्टर आत गेला. त्या माणसाला तिने पाठवलं होतं, तिने एकटीने. गार्डच्या कमांडरने पुन्हा पुन्हा फोन केला. "बाई, आता उशीर होतोय." दर वेळी ती नाही म्हणाली आणि दर वेळी तिला वाटलं, आपण त्या तिघांना मारतोय.

ऊन उतरताना डॉक्टर जखमी शिपायाला घेऊन बाहेर आला. जवान आत आले नाहीत हे बघून डेल्मरने मागोमाग दुसऱ्या दोघांनाही सोडलं. पहिल्याचा डोळा मात्र गेला. आधी बाहेर आला असता तर वाचला असता, असं त्याची बायको पुढे सगळ्यांना सांगत असे.

पुढच्या अधिवेशनात तिने कायदा मांडला. दोन्ही सभागृहांत तो कसाबसा मंजूर झाला. गव्हर्नरांनी फेटाळला. त्यांचा नकार मोडायला दोन तृतीयांश मतं लागत होती; तेवढी काही जमली नाहीत.

मग ती स्वतः गाडी चालवत तुरुंगात गेली. जाळीपलीकडे डेल्मर बसला होता. दंग्याबद्दल त्याची शिक्षा आणखी वाढली होती.

"हरलात?"

"हरले. पुढच्या वर्षी पुन्हा मांडते."

तो हसला नाही, त्याने शिवीही दिली नाही. "मग पुढच्या वर्षीही सांगायला या," तो तिच्याकडे बघत म्हणाला. भेटीची वेळ संपल्याचं पहारेकऱ्याने सांगितलं, तेव्हा कुठे तिने नजर खाली घेतली.